बांधाखाली कोण राहते?

ओढ्यावर कुणीतरी पदरमोड करून मातीचा बांध घालतो. दोन पावसाळे पाणी अडते, शेजारच्या विहिरींना पाणी चढते आणि तिसऱ्या वर्षी कागद येतो: बांधकाम विनापरवाना, सबब काढून टाकावे. पुढचा वाद कसा रंगणार हे आता पाठ झाले आहे. एक बाजू म्हणते, माझ्या रानात पडलेला पाऊस माझा, तो अडवायला सरकारला कशाला विचारू? दुसरी म्हणते, कायदा सगळ्यांना सारखा, आज याला सोडले तर उद्या जो तो ओढा अडवत सुटेल. पहिल्या बाजूला टाळ्या मिळतात, दुसरीच्या हाती जेसीबी असतो. या तावातावात एक माणूस कुठेच दिसत नाही, आणि परवानगीचा सगळा खटाटोप मुळात त्याच्यासाठीच जन्माला आला होता. तो बांधाच्या खाली राहतो. त्याचे घर, गोठा, विहीर, ओढ्यातला त्याचा पिढीजात वाटा, सगळे बांधाच्या उताराकडच्या अंगाला आहे. त्याला ना पहिल्या बाजूने विचारलेले असते, ना दुसरीने.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. शेतातल्या धरणाला परवानगी हवी. पण ती जमिनीच्या मालकीवरून किंवा खात्याच्या मर्जीवरून ठरू नये. फुटले तर खाली काय वाहून जाईल आणि नाही फुटले तर खाली काय पोहोचणार नाही, या दोनच गोष्टींवरून ठरावी. या मापाने पाहिले तर आज ज्यांना परवानगीच्या रांगेत उभे केले जाते त्यातल्या कितीतरी जणांना तिची गरज नाही, आणि जे रांगेबाहेर निर्धास्त आहेत त्यातल्या काहींना ती फार आधीच लागायला हवी होती.

सुरुवात मातीपासून करू, कारण या वादात मातीबद्दल कुणी बोलत नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे एक हजार लिटर, वजनाला एक टन. तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोल, उतरत्या काठांचे शेततळे भरले की त्यात साधारण 22 लाख लिटर, म्हणजे 2200 टन पाणी मावते. आकडा मोठा वाटतो. पण हे तळे पूर्णपणे खोदून केलेले असेल तर ते फुटू शकत नाही. फुटून जाणार कुठे? पाणी जमिनीच्या पोटात आहे. फार तर एखादे जनावर घसरून पडेल, आणि तो धोका कुंपणाने टळतो. याउलट तेवढेच पाणी जमिनीच्या वर, मातीच्या भरावाला टेकून उभे केले की गणित बदलते. पाच मीटर उंचीवरून सुटलेल्या पाण्याला, घर्षण बाजूला ठेवले तर, तळाशी ताशी 35 किलोमीटरच्या आसपास वेग येतो. गुडघाभर पाणी एवढ्या वेगाने आले तर माणूस उभा राहत नाही. म्हणजे 'किती मोठे तळे' हा प्रश्नच चुकीचा आहे. खोदलेले किती आणि उभारलेले किती, हे विचारायला हवे. इंग्लंडच्या 1975 च्या जलाशय कायद्याने हे नेमके पकडले: 25 हजार घनमीटरची मर्यादा मोजताना तिथे नैसर्गिक जमिनीच्या पातळीच्या वर साठणारे, सुटून जाऊ शकेल एवढेच पाणी धरतात. दक्षिण आफ्रिकेच्या 1998 च्या जल कायद्यात भिंत पाच मीटरपेक्षा उंच आणि साठा 50 हजार घनमीटरपेक्षा जास्त, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की धरण सुरक्षेच्या नोंदीत येते. दोन्हीकडे रेषा ओढली आहे ती पाण्याच्या स्वभावावरून.

आणि मातीचा बांध फुटतो कसा? बहुतेक वेळा दोन तऱ्हांनी. एक, सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढून देणारी वाट, अपुरा पडतो, पाणी माथ्यावरून ओसंडते आणि बाहेरचा उतार खरवडत भराव कापून नेते. दुसरी तऱ्हा जास्त फसवी आहे. भराव घालताना माती पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांनी टाकून, ओली करून, रोलर फिरवून दाबावी लागते. जेसीबीने ढीग ओतले आणि वरून दोन फेऱ्या मारल्या की बांध दिसायला लागतो, पण आत तो पोकळच राहतो. त्यात खेकडे बिळे करतात, उंदीर घर करतात, वर उगवलेल्या बाभळीची मुळे आत शिरतात आणि झाड वाळले की त्या मुळांच्या जागी नळ्या उरतात. अशा बांधाच्या पायथ्याशी पावसाळ्यात उभे राहून पाहावे. पाणी पाझरत असते, थोडे पाझरणारच. ओंजळीत घेतले आणि ते नितळ निघाले तर फारसे बिघडलेले नाही. एखाद्या सकाळी तेच पाणी गढूळ यायला लागले की समजावे, बांध आतून वाहून चालला आहे. पाणी एकेक कण उचलून बाहेर आणत असते, आतली नळी रुंदावत असते, आणि वरून पाहणाऱ्याला माथा जसाच्या तसा दिसतो. हे पायथ्याचे पाणी रोज कोण पाहतो? मालक माथ्यावरून पाहतो, साठा किती झाला ते. पायथा दिसतो तो खालच्या माणसाला.

परवानगीविरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा: आधी कशाला अडवता? ज्याचा बांध फुटेल त्याच्याकडून नुकसान वसूल करा, भीतीपोटी माणूस आपोआप नीट बांधेल. हा विचार आजचा नाही. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या संहितेत तो जवळजवळ याच शब्दांत आहे: ज्याने आपला बांध राखण्यात आळस केला आणि तो फुटून शेजाऱ्याचे रान बुडाले, त्याने बुडालेले धान्य भरून द्यावे. पण लगेच पुढचे कलम येते. भरून देता आले नाही तर त्याला आणि त्याच्या मालमत्तेला विकावे आणि आलेले पैसे बुडालेल्यांनी वाटून घ्यावेत. भरपाईच्या सिद्धांताची खरी गोची त्या दुसऱ्या कलमात आहे. तळे बांधणाऱ्या शेतकऱ्याकडे खालची वस्ती भरून देण्याइतके असते कुठे? आज माणूस विकता येत नाही हे चांगलेच झाले, पण मग भरपाई येणार कुठून? आणि गोठ्यातली जनावरे पैशात मोजता येतील. झोपेत वाहून गेलेल्या मुलाचे काय?

न्यायालयांनीही या प्रश्नाशी बरीच झोंबाझोंबी केली आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या एका गिरणीमालकाने पाण्यासाठी तलाव बांधून घेतला. खाली जुन्या खाणीची विसरलेली विवरे होती, तलावाचे पाणी त्यातून शेजाऱ्याच्या खाणीत घुसले. 1868 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, 'रायलंड्स विरुद्ध फ्लेचर' या निवाड्यात ठरवले की धोकादायक वस्तू आपल्या जमिनीवर आणून साठवणाऱ्याने ती सुटली तर नुकसान भरावे, निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो. सहाच वर्षांनी, 1874 मध्ये, हिंदुस्थानातल्या खटल्यांचे लंडनमधले अंतिम न्यायपीठ असलेल्या प्रिव्ही कौन्सिलसमोर मद्रास इलाख्यातला खटला आला. कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि रेल्वे कंपनीचे पूल वाहून गेले. कंपनीने अर्थातच रायलंड्सचा दाखला दिला. कौन्सिलने तो मानला नाही. हे तलाव पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, हजारो लोकांची शेती त्यांवर जगते, जमीनदार ते नाहीसे करू शकत नाही, राखणे हे त्याचे कर्तव्यच आहे. निष्काळजीपणा दिसत नसेल तर तो जबाबदार नाही, असा तो निर्णय. मला हा निर्णय त्याच्या जागी बरोबर वाटतो. पाणी साठवणे हा इथल्या हवामानात शौक नाही, ती जगण्याची अट आहे, हे लंडनमधल्या न्यायाधीशांना कळले ही गंमतच. पण त्याचा अर्थ काय होतो तेही पाहा. साठवणाऱ्याला मोकळीक मिळाली, रेल्वे कंपनीने नुकसान गिळले. रेल्वेकडे भांडवल होते. त्याच पाण्यात कुणाची झोपडी गेली असेल तर त्याने काय गिळायचे? नंतरच्या भरपाईवर भिस्त ठेवली की एकतर साठवणारा उद्ध्वस्त होतो किंवा खालचा. तिसरी वाट एकच, आधी तपासणे.

आधी न तपासल्याचे मोल अमेरिकेतल्या जॉन्सटाउनने चुकवले. साउथ फोर्कचे मातीचे धरण मुळात कालव्याला पाणी पुरवायला सरकारने बांधले होते. कालवा बंद पडला, धरण एका हातातून दुसऱ्या हातात विकले गेले. मधल्या एका मालकाने तळातले पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले, म्हणजे तळे रिकामे करायची सोयच संपली. शेवटी ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबकडे आले. क्लबने माथ्यावरून घोडागाडी जावी म्हणून माथा खाली घेतला, आणि सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या बसवल्या. 31 मे 1889 ला मुसळधार पाऊस झाला, जाळ्यांत काडीकचरा अडकून सांडवा तुंबला, पाणी माथ्यावरून गेले. खालच्या दरीत 2209 माणसे मेली. क्लबविरुद्धचे दावे न्यायालयात टिकले नाहीत. जाळ्या, नळ, माथा, यातला एकही निर्णय धरण बांधताना झालेला नव्हता. सगळे बांधल्यानंतर, हळूहळू, प्रत्येक वेळी कुणाच्या तरी सोयीसाठी झाले. हे आठवायचे कारण असे, की शेतातल्या बांधांवरही नेमके हेच घडते. पाऊस कमी झाला की दोन फूट जास्त पाणी राहावे म्हणून सांडव्यात वाळूची पोती लागतात. पुढच्या वर्षी पोत्यांच्या जागी पक्की भिंत येते. कुणाचा हेतू वाईट नसतो.

आता दुसऱ्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करायला हवे, आणि ते बरेच आहे. परवानगीची यंत्रणा आज बहुतेक ठिकाणी जशी चालते ती पाहून कुणीही शहाणा माणूस तिच्या वाटेला जाणार नाही. मातीकामाला वेळ असतो तो ओढा आटल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंतचा. त्या काळात अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो, एकजण नकाशा मागतो, दुसरा ना हरकत दाखला, तिसरा म्हणतो हे आमच्याकडे येतच नाही. आवक-जावक नोंदवहीत शिक्का पडतो आणि फाइल बसते. पाऊस फाइलसाठी थांबत नाही. ज्याला ओळख आहे किंवा टेबलाखालून हात पोहोचतो त्याचे काम होते, आणि ज्याला सरळ मार्गाने जायचे असते तो एक हंगाम गमावतो. अशा स्थितीत 'आधी बांधू, मग बघू' असे म्हणणारा गुन्हेगार नसतो, व्यवहारी असतो.

याहून गंभीर आरोप असा, की परवानगीचे हत्यार बऱ्याचदा चुकीच्या माणसावर उगारले जाते. राजस्थानात अलवर जिल्ह्यात 1985 पासून तरुण भारत संघ या संस्थेबरोबर गावकऱ्यांनी जुने जोहड, म्हणजे पावसाचे पाणी अडवणारे मातीचे बांध, उकरायला आणि नवे बांधायला घेतले. गोपालपुऱ्यातल्या सुरुवातीच्या कामांनाच पाटबंधारे खात्याच्या नोटिसा आल्या: बेकायदा आहेत. पुढे त्याच कामांमुळे कोरड्या पडलेल्या अरवरी नदीला पाणी आले. नदी वाहू लागल्यावर सरकारला तिच्यातले मासे दिसले आणि मासेमारीचा ठेका देण्याची तयारी झाली. लोकांनी तो हाणून पाडला आणि नदीकाठच्या गावांची स्वतःची संसद उभी केली. महाराष्ट्रात सांगलीच्या खानापूर तालुक्यात येरळेवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात नदीतली वाळू विकून बळीराजा धरण उभारले आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा ठेवला. त्यासाठीही आधी सरकारशी झगडावे लागलेच. वाळूचे ठेकेदार नदी पोखरत होते तेव्हा फारसे न बोलणाऱ्या सरकारला, लोक नदी भरायला निघाल्यावर नियम आठवले, असे कुणी म्हटले तर त्याचे तोंड कसे धरणार?

आणि परवानगी देणाऱ्यांची स्वतःची धरणे? 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही गेले. 11 ऑगस्ट 1979 ला गुजरातेतले मच्छू फुटले आणि मोरबी बुडाली. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. सगळी सरकारी, सगळी मान्यताप्राप्त. तिवऱ्यानंतर तर जलसंधारण मंत्र्यांनीच खेकड्यांवर खापर फोडले. ज्यांना स्वतःच्या बांधातले खेकडे सांभाळता येत नाहीत त्यांनी माझ्या बांधाची चौकशी करावी?

प्रश्न बोचरा आहे. पण त्याचे उत्तर 'म्हणून कुणीच चौकशी करू नये' असे निघते का? तिवऱ्याचे एक तपशीलवार सत्य असे, की धरण गळते आहे ही तक्रार खालच्या लोकांनी फुटण्याआधीच केली होती. पायथ्याचे पाणी त्यांना दिसत होते. बांधणारा, मान्यता देणारा आणि तपासणारा हे तिघेही एकाच छपराखाली बसलेले असल्याने ती तक्रार कुठेच लागली नाही. म्हणजे सरकारी धरणे फुटली ती तपासणी जास्त झाल्याने नव्हे; स्वतःच स्वतःला तपासल्याने फुटली. आता मला सांगा, ज्या शेतकऱ्याला 'माझे रान, माझा बांध, मीच ठरवणार' असे म्हणायचे आहे तो दुसरे काय मागतो आहे? खात्याकडे जी वाईट खोड आहे तीच त्याला स्वतःसाठी हवी आहे. केनियात सोलाई इथे 9 मे 2018 च्या रात्री एका खासगी मळ्यातले धरण फुटले, खालच्या वस्तीतली चाळीसहून अधिक माणसे गेली. तिथल्या जलप्राधिकरणाने नंतर सांगितले, या धरणांना परवाना नव्हता. मालक खासगी असल्याने लोंढा काही सौम्य झाला नाही.

इथवर फुटण्याविषयी बोललो. पण न फुटणारे धरणही खालच्याचे काही नेते, आणि हा भाग मला जास्त अवघड वाटतो. एका शेततळ्याने नदी आटत नाही, हे खरे. पण 'एका'ने कधीच काही होत नसते. पाणलोटात अशी शेकडो तळी झाली की पहिल्या पावसाचे पाणी सगळे वरच भरून घेतात. तळी भरेपर्यंत खाली थेंब जात नाही, आणि खालच्या शेताला गरज असते ती नेमकी त्या पहिल्या पाण्याची. चांगल्या वर्षी फरक कळत नाही. दुष्काळी वर्षी वरच्याचे तळे अर्धे भरते आणि खालच्याचा ओढा वाहतच नाही. शिवाय उघड्यावर साठवलेले पाणी कोरड्या उष्ण मुलखात वर्षाला दीड-दोन मीटर नुसते हवेत उडून जाते. तीन मीटर खोल तळ्यात हा निम्म्याहून अधिक हिशेब आहे. आणि जिथे तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर लावून ते बोअरच्या पाण्याने भरले जाते, तिथे तर ते पावसाचे तळेच नाही. सगळ्यांच्या पायाखालचे पाणी उपसून एकट्याच्या ताब्यात, तेही उन्हात, आणून ठेवण्याची ती टाकी आहे. जमिनीत होते तेव्हा ते उडत नव्हते. याला जलसंधारण म्हणणे मला तरी जड जाते.

यावर एक उलट सवाल हमखास येतो: मोठी धरणे, कारखाने, शहरे नद्याच्या नद्या पितात, आणि तुम्ही माझ्या तळ्याकडे बोट दाखवता? सवाल न्याय्य आहे, मोठ्यांचा हिशेब आधी आणि कडक व्हावा यात दुमत नाही. पण माझ्या तळ्याने ज्याचे पाणी अडते तो कारखानदार नसतो. त्याला पाइपलाइन आहे. अडतो तो ओढ्यावर पुढच्या वळणावर बसलेला माझ्यासारखाच शेतकरी, बहुधा माझ्याहून थोडा गरीब, कारण जेसीबी लावायची ऐपत मला आधी आली. मोठ्याच्या अन्यायाकडे बोट दाखवून धाकट्याच्या ताटातले घ्यायचे, हे कुठल्या न्यायात बसते?

कौटिल्याला हा पेच दिसला होता. नवा तलाव किंवा बांध घालणाऱ्याला पाच वर्षे करमाफी, मोडका दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षे, अशी उदार तरतूद त्याने केली. त्याच प्रकरणात दोन बंधनेही घातली: नंतर बांधलेल्या खालच्या तलावाने वरच्या तलावाची शेते बुडवू नयेत, आणि वर बांधलेल्याने खालच्या तलावाचे भरणे अडवू नये, खालचा तलाव तीन वर्षे वापरात नसेल तर गोष्ट वेगळी. उत्तेजन आणि मर्यादा एकाच हाताने लिहिलेली आहेत. आज उत्तेजन एका खात्याच्या योजनेत असते, मर्यादा दुसऱ्या खात्याच्या नोटिशीत, आणि दोन्ही खाती एकमेकांशी बोलत नाहीत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने वेगळी वाट काढली. तिथे जमीनधारकाला आपल्या जमिनीवरून वाहून जाणाऱ्या सरासरी पाण्याच्या 10 टक्क्यांपर्यंत, छोट्या ओहोळांवर, परवान्याशिवाय अडवता येते. त्यापलीकडे परवाना लागतो. किनारी पट्ट्यासाठी 2022 मध्ये ही मर्यादा 30 टक्के केली. टक्का किती असावा यावर भांडण होऊ शकते, व्हावेही. पण तिथे निदान भांडण 'किती' यावर होते, 'अडवू का' यावर नाही.

अलवरकडे एकदा परत जाऊ, कारण ती गोष्ट अर्धीच सांगितली जाते. 2001 मध्ये तिथल्या लावा का बास गावच्या लोकांनी बांधलेला बांध पाडण्याचा हुकूम पाटबंधारे खात्याने काढला. खाली भरतपूरकडे जाणारे पाणी अडते, हे कारण होते आणि बांध सुरक्षित नाही, हेही. देशभरातून नावाजलेली माणसे बांधाच्या बाजूने उभी राहिली, बांध वाचला. दोन वर्षांनी मोठ्या पावसात तो वाहून गेला. खात्याला अर्थातच आनंद झाला, आणि लोकांच्या बाजूचे अनेकजण बांध वाहून गेला हे वाक्य कधी उच्चारत नाहीत. मला दोन्ही वागणी सारखीच खटकतात. गावाला पाणी हवे होते हे खरे होते, भरतपूरचा प्रश्न खरा होता, बांधाच्या मजबुतीविषयीची शंकाही खरी निघाली. दोन वर्षे मिळाली होती. एखाद्या तटस्थ इंजिनिअरने सांडवा मोजून 'एवढा रुंद करा' असे लिहून दिले असते, तर त्या दोन वर्षांत ते काम होण्यासारखे होते. पण बांध पाडायचा की वाचवायचा एवढाच प्रश्न शिल्लक राहिल्यावर सांडव्याची रुंदी कोण विचारणार?

मग परवानगी कशी असावी? पूर्ण खोदलेल्या, पावसाच्याच पाण्यावर भरणाऱ्या तळ्याला काहीही नको. माथा कमी उंचीचा, खाली वस्ती नाही, अशा बांधाला फक्त नोंद: गावपातळीवर कळवले, झाले, कुणाच्या सहीची वाट नाही. त्यावरच्या बांधाला मात्र खरीखुरी छाननी, आणि ती खात्याच्या टेबलावर नको. 1925 मध्ये वेल्समधल्या डोलगारॉगला वरचे धरण फुटून त्याच्या लोंढ्याने खालचे फुटले आणि 16 माणसे मेली. त्यानंतर 1930 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये ठरले की मोठ्या जलाशयाचे आराखडे आणि ठरावीक मुदतीची तपासणी नामिकेवरच्या, म्हणजे मान्य यादीतल्या, स्वतंत्र इंजिनिअरने करायची. मालक त्याला नेमतो, पण त्याची पात्रता आणि सही कायद्याला बांधलेली असते. छोट्या शेतकऱ्याला ही फी परवडणार नाही, हे उघड आहे. तिथे सरकारने पैसे द्यावेत. तळ्याच्या खोदाईला अनुदान देता येते तर सांडव्याच्या हिशेबाला का नाही? अनुदानाच्या फलकावर सांडव्याचा फोटो छान दिसत नाही, एवढेच कारण असावे.

एका लोकप्रिय मागणीला माझा विरोध आहे: ठरलेल्या दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानायचे. पाणीवाटपाच्या बाबतीत ठीक आहे, चूक झाली तर पुढच्या वर्षी दुरुस्त होते. पण वस्तीच्या डोक्यावरच्या पाच मीटर बांधाच्या बाबतीत कारकुनाच्या आळसाची किंमत खालच्याने का भरायची? मुदत हवीच, पण ती चुकली तर अर्ज आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावा आणि पहिल्याच्या सेवापुस्तकात नोंद व्हावी. शिवाय परवानगी हा एकदाच फाडायचा कागद असू नये. दर पावसाळ्याआधी सांडवा मोकळा आहे का, माथा खचला आहे का, पायथ्याला पाणी कसले येते, एवढे तीन प्रश्न कुणीतरी जागेवर जाऊन पाहावेत, आणि हे पाहण्याचा हक्क खालच्या रहिवाशांना कायद्याने असावा. मालकाच्या रानात पाऊल टाकायला त्यांना त्याची विनवणी करावी लागू नये.

मी पाहिलेल्या अर्जांत अर्जदाराचे नाव असते, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, सातबाऱ्याची नक्कल, बांधाची लांबी-रुंदी, खर्चाचा अंदाज. खाली पहिले घर किती अंतरावर आहे, रात्री त्यात किती माणसे झोपतात, ओढ्यावर पुढचा बांध कुणाचा आणि त्याची विहीर कुठे, हे विचारणारा रकाना मला सापडलेला नाही. असा एक रकाना घालायला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. तो भरायला अर्जदाराला बांधाच्या जागेपासून ओढ्याच्या काठाने खाली चालत जावे लागेल आणि वाटेत लागेल त्या दारात थांबून, मी वर पाणी अडवतो आहे, हे सांगावे लागेल. अर्धा दिवस जाईल.